गेलं, पोचलं... पण वाचलं का?

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शुक्रवारी दुपारी मी दुसऱ्या टीमच्या लीडला मेल टाकला. मजकूर अगदी साधा: उद्या रात्री डेटाबेसच्या एका टेबलात बदल करतोय, तुमचा रविवार पहाटेचा बॅच जॉब सोमवारपर्यंत बंद ठेवा. मेलला रीड रिसीट लावली होती. संध्याकाळी सातच्या सुमारास पावती आली: मेल वाचला गेला. मी निर्धास्त होऊन घरी गेलो.

शनिवारी रात्री बदल केला. रविवारी पहाटे त्यांचा जॉब ठरल्याप्रमाणे चालू झाला आणि ठरल्याप्रमाणे कोसळला. सोमवारी मीटिंगमध्ये तो म्हणाला, "अरे, मी तो मेल वाचलाच नाही." मी काय केलं? लॅपटॉप प्रोजेक्टरला जोडला आणि पावती भिंतीवर दाखवली. तारीख, वेळ, त्याचं नाव, सगळं. खोलीत कोणी काही बोललं नाही. तो लाल झाला आणि गप्प बसला. थोडक्यात, मी त्याला पंधरा लोकांसमोर खोटारडा ठरवलं.

पुढे काय झालं ते शेवटी सांगतो. पण त्या पावतीचा नेमका अर्थ काय, हे मी तेव्हा दहा वर्षं सॉफ्टवेअरमध्ये काम करूनही कधी शोधलं नव्हतं. नंतर शोधलं, आणि त्यातून ईमेलचा जो इतिहास समोर आला तो आज तुमच्यापुढे मांडतोय.

सुरुवात १९७१ पासून. अमेरिकेत केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स इथल्या बीबीएन या कंपनीत रे टॉमलिन्सन नावाचे इंजिनिअर काम करत होते. तेव्हा एकच मोठा संगणक अनेकजण वाटून वापरायचे, आणि त्याच संगणकावरच्या दुसऱ्या माणसासाठी निरोप ठेवायला 'सेंडमेसेज' नावाचा प्रोग्रॅम होता. ज्याची त्याची टपालपेटी म्हणजे नुसती एक फाइल. इतरांना त्या फाइलच्या शेवटी मजकूर जोडता यायचा, पण आतलं वाचता किंवा पुसता यायचं नाही. टॉमलिन्सन यांनी या प्रोग्रॅमला आर्पानेटवरून फाइल पाठवणाऱ्या दुसऱ्या प्रोग्रॅमचा कोड जोडला आणि पत्ता लिहायला '@' हे चिन्ह निवडलं. पहिला निरोप ज्या दोन संगणकांमध्ये गेला ते एकाच खोलीत शेजारी शेजारी होते, मात्र त्यांच्यातला दुवा आर्पानेटचाच. त्या निरोपात काय होतं, ते स्वतः टॉमलिन्सन यांनाही पुढे आठवत नव्हतं.

या जन्मकथेतली मला महत्त्वाची वाटणारी गोष्ट '@' नाही, ती पेटी आहे. बाहेरून आत टाकता येतं, आत डोकावता येत नाही. म्हणजे पाठवणाऱ्याचा अधिकार पेटीच्या फटीपाशी संपतो. ईमेलच्या पुढच्या पन्नास वर्षांचं भांडण याच फटीपाशी चाललेलं आहे.

सुरुवातीची काही वर्षं मेल हा फाइल पाठवण्याच्या प्रोटोकॉलचाच, म्हणजे एफटीपीचा, एक पाहुणा होता. मग ऑगस्ट १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी आरएफसी ८२१ लिहिलं आणि एसएमटीपी हा मेलचा स्वतःचा प्रोटोकॉल पक्का झाला. आपण आज पाठवतो तो प्रत्येक मेल थोड्याफार फरकानं याच पद्धतीनं जातो. दोन सर्व्हरमधलं संभाषण मराठीत केलं तर साधारण असं होतं:

"२२०. बोला."
"नमस्कार, मी अमुक सर्व्हर."
"२५०. नमस्कार."
"अमक्याकडून पत्र आहे."
"२५०. ठीक."
"तमक्यासाठी आहे."
"२५०. ठीक, असा माणूस आहे इथे."
"मजकूर देऊ?"
"३५४. द्या. संपला की एका ओळीत फक्त एक टिंब द्या."
(मजकूर... मजकूर... टिंब)
"२५०. ठीक."

हा शेवटचा '२५०' म्हणजे या सगळ्या नाटकातला सगळ्यात गंभीर संवाद. तो उच्चारला की पत्राची जबाबदारी एका हातातून दुसऱ्या हातात गेली. घेणाऱ्या सर्व्हरनं आता एकतर ते पत्र पुढे पोचवायचं, नाहीतर पोचवता आलं नाही असं पाठवणाऱ्याला कळवायचं. तिसरा पर्याय नाही. आपण ज्याला 'मेल बाउन्स झाला' म्हणतो ती ही कळवणी. आणि कळवणीचं पत्रसुद्धा पोचलं नाही तर? मग त्याची कळवणी, मग त्याची... हे चक्र थांबावं म्हणून बाउन्सच्या पत्रावर पाठवणाऱ्याचा पत्ता मुद्दाम कोरा ठेवतात. ही सोय १९८२ च्या त्या कागदातच आहे. माणसं दूरचा विचार करणारी होती!

आता एक गंमत बघा. समजा मजकूर संपला, टिंब पोचलं, घेणाऱ्यानं पत्र ठेवून घेतलं आणि '२५०' म्हटलं. पण नेमकी त्याच क्षणी लाइन तुटली. पाठवणाऱ्याला काय वाटणार? पत्र गेलंच नाही. तो थोड्या वेळानं पुन्हा पाठवणार, आणि समोरच्याला एकच पत्र दोनदा मिळणार. फेब्रुवारी १९८८ मध्ये क्रेग पार्ट्रिज यांनी याच विषयावर आरएफसी १०४७ लिहिलं. त्यांचं म्हणणं असं, की टिंब मिळाल्यावर घेणारा सर्व्हर पत्र वाटपाच्या कामात गुंततो आणि '२५०' म्हणायला उशीर करतो. तोवर पाठवणारा कंटाळून लाइन सोडतो. उपाय काय, तर आधी पोच द्या, मग बाकीची कामं करा.

पण हा उपाय मुळावरचा नाही, कारण मुळावर उपायच नाही. जिम ग्रे यांनी १९७८ मध्ये याला दोन सेनापतींचा प्रश्न म्हटलं होतं. दोन टेकड्यांवर दोन सैन्यं, मध्ये शत्रू. एकत्र हल्ला केला तरच जिंकणार. पहिला सेनापती जासूद पाठवतो, 'उद्या पहाटे'. जासूद पोचला का हे त्याला कसं कळणार? दुसरा उलट जासूद पाठवतो, 'समजलं'. आता दुसऱ्याला शंका, माझी पोच पोचली का? मग पोचेची पोच, तिची पोच... बेभरवशाच्या वाटेवर कितीही जासूद धाडले तरी दोघांची पूर्ण खात्री कधीच होत नाही. कुठेतरी थांबून विश्वास ठेवावा लागतो. ईमेलनं ठरवलं, की एखादं पत्र हरवण्यापेक्षा दोनदा गेलेलं परवडलं.

आपल्याकडे ईमेल आला तेव्हा तर 'गेलं' या शब्दालाही फारसा अर्थ नव्हता. १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं अर्नेट हा प्रकल्प सुरू केला. मुंबईतून त्यात जुहूची एनसीएसटी ही संस्था आणि पवईची आयआयटी होती. सुरुवातीची पत्रं टेलिफोनच्या डायल-अप लाइनवरून जायची. १९८९ मध्ये एनसीएसटीपासून अमेरिकेतल्या यूयूनेटपर्यंत लीज्ड लाइन आली, तिचा वेग ९६०० बिट प्रति सेकंद. त्या एका अरुंद पाइपातून देशातल्या संशोधकांचं परदेशी टपाल जायचं. सामान्य माणसाला इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ पासून, विदेश संचार निगममार्फत. या काळात पत्र रांगेत उभं राहणार, लाइन लागली की एक पाऊल पुढे सरकणार, हे सगळ्यांनी गृहीत धरलेलं होतं.

ही रांग आजही आहे. समोरचा सर्व्हर बंद असेल तर तुमचा सर्व्हर मेल फेकून देत नाही. तो थांबून थांबून पुन्हा प्रयत्न करतो. किती दिवस? १९८९ च्या आरएफसी ११२३ मध्ये निदान चार-पाच दिवस असं सांगितलंय. म्हणून कधीकधी सोमवारी पाठवलेला मेल 'पोचला नाही' हे शुक्रवारी कळतं, आणि आपण आयटी सपोर्टला शिव्या घालतो. असो.

तर बाउन्समुळे 'पोचलं नाही' हे कळायची सोय झाली. पण 'पोचलं' हे कळायची? ही गरज लोकांना लगेच भासली. आपल्याकडे रजिस्टर्ड पोस्टाला ए.डी. जोडायचो ना, सहीचं कार्ड परत यायचं, तसं काहीतरी. १९८४ मध्ये टेलिफोन खात्यांच्या आंतरराष्ट्रीय समितीनं एक्स.४०० नावाचा मेलचा वेगळाच नमुना मांडला. त्यात पोचल्याची सूचना आणि स्वीकारल्याची सूचना या दोन स्वतंत्र गोष्टी पहिल्यापासून होत्या. सरकारी टपालखात्यांच्या विचारानं बांधलेला होता ना! इंटरनेटच्या गावठी मेलमध्ये यातलं काही नव्हतं. 'सेंडमेल' या तेव्हाच्या लोकप्रिय सर्व्हर प्रोग्रॅमनं एक जुगाड केला: पत्राच्या हेडरमध्ये 'पावती या पत्त्यावर पाठवा' अशी ओळ टाकायची. कुणी ही ओळ घालून हजार लोकांच्या मेलिंग लिस्टला पत्र टाकलं की हजार पावत्या सुटण्याचा धोका. ही ओळ कधीच अधिकृत झाली नाही.

अधिकृत उत्तर आलं ते दोन तुकड्यांत, आणि हे दोन तुकडे वेगळे ठेवले ही मला त्या मंडळींची सगळ्यात मोठी समज वाटते.

पहिला तुकडा जानेवारी १९९६ चा, डिलिव्हरी रिपोर्टचा. तो सर्व्हर देतो. पाठवताना सांगायचं की यशाची, अपयशाची किंवा उशिराची खबर द्या, आणि सर्व्हर ठरलेल्या साच्यात कळवतो. पण 'पोचलं' म्हणजे पेटीत पडलं, एवढंच. आणि वाटेतला एखादा सर्व्हर ही भाषा समजत नसेल तर 'मी पुढे दिलं, पुढचं मला ठाऊक नाही' असं प्रामाणिकपणे सांगायचीही सोय आहे.

दुसरा तुकडा मार्च १९९८ चा, आरएफसी २२९८, रॉजर फायमन यांनी लिहिलेला. हीच आपली रीड रिसीट. पुढे २००४ आणि २०१७ मध्ये तिच्या सुधारित आवृत्त्या आल्या. ही पावती सर्व्हर देत नाही, वाचणाऱ्याचा मेल प्रोग्रॅम देतो. पाठवणारा हेडरमध्ये विनंती टाकतो, आणि विनंतीच, हुकूम नाही. वाचणाऱ्याचा प्रोग्रॅम त्याला विचारू शकतो, परस्पर पाठवू शकतो किंवा गप्प बसू शकतो. विनंतीतला पत्ता आणि पत्र जिथून आलं तो पत्ता जुळत नसेल तर विचारल्याशिवाय पावती पाठवायचीच नाही, नाहीतर कुणीही तिसऱ्याच्या नावावर पावत्यांचा पाऊस पाडेल. पावतीला पावती कधीच नाही (पुन्हा ते दोन सेनापती!). १९९८ च्या मसुद्यात 'सांगायला नकार' असाही एक प्रकार होता. म्हणजे 'मी वाचलं की नाही हे तुला सांगणार नाही' असं सांगणारी पावती! घरी कोणी नाही असं आतून ओरडून सांगण्यातला प्रकार. सध्याच्या नियमांत तो नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. पावतीत जो शब्द येतो तो 'वाचलं' असा नाहीच. तो आहे 'दाखवलं'. पत्र कुणाच्या तरी पडद्यावर दाखवलं गेलं. ते वाचलं किंवा समजलं याची खात्री नाही, असं त्या कागदात स्पष्ट लिहून ठेवलंय. शिवाय ते दाखवणं माणसानं मुद्दाम केलं की आपोआप झालं, आणि पावती हातानं पाठवली की यंत्रानं, हेही पावतीत वेगवेगळं नोंदलेलं असतं. मग 'वाचलं' हा शब्द आला कुठून? मेल प्रोग्रॅम बनवणाऱ्यांनी सोयीसाठी पडद्यावर लिहिला. माझ्या प्रोजेक्टरवर तोच झळकत होता.

ज्यांना ही विनंतीची सभ्य पद्धत पुरेना, त्यांनी मागचं दार शोधलं. मेल एचटीएमएलमध्ये येऊ लागल्यावर त्यात न दिसणारं एका पिक्सेलचं चित्र ठेवता यायला लागलं. मेल उघडला की चित्र आणायला पाठवणाऱ्याच्या सर्व्हरकडे मागणी जाते, आणि त्याला वेळ, आयपी पत्ता, प्रोग्रॅम सगळं कळतं. वाचणाऱ्याला विचारलं जात नाही, कळतही नाही. २००६ मध्ये ह्युलेट-पॅकार्डचं प्रकरण गाजलं. संचालक मंडळातल्या बातम्या कोण फोडतो हे शोधायला कंपनीच्या तपासकांनी एका महिला पत्रकाराला माग काढणारा मेल पाठवला होता, ती तो कुणाला फॉरवर्ड करते हे बघायला. प्रकरण अमेरिकी काँग्रेसच्या सुनावणीपर्यंत गेलं आणि कंपनीच्या अध्यक्षांना पद सोडावं लागलं.

पेटीच्या बाजूनंही उत्तरं आली. आउटलुक २००३ नं बाहेरची चित्रं आपोआप आणणं बंद केलं. डिसेंबर २०१३ पासून जीमेल चित्रं स्वतःच्या सर्व्हरमार्फत आणून दाखवू लागलं, त्यामुळे वाचणाऱ्याचा आयपी पत्ता लपला. सप्टेंबर २०२१ मध्ये ॲपलनं तर कमाल केली: ही सोय चालू असेल तर मेल उघडा किंवा नका उघडू, चित्रं आधीच आणून ठेवायची. म्हणजे पाठवणाऱ्याला सगळेच मेल 'उघडलेले' दिसणार. खोटी पोच सगळ्यांना वाटून टाकली की खऱ्या पोचेची किंमत शून्य. मार्केटिंगवाल्यांचे आकडे एका रात्रीत फुगले आणि त्याच रात्री निकामी झाले.

तुम्ही म्हणाल, मग व्हॉट्सॲपला कसं जमतं? नोव्हेंबर २०१४ पासून निळ्या खुणा आहेतच की. जमतं, कारण तिथे दोन्ही टोकांचं ॲप आणि मधला सर्व्हर एकाच कंपनीचा. ईमेलला मालक नाही. तुमचा सर्व्हर वेगळा, माझा वेगळा, वाचायचा प्रोग्रॅम तिसऱ्याचाच. अनोळखी लोकांच्या या साखळीत एकमेकांवर लादता येईल असा नियम एकच, त्या '२५०' चा. आणि स्पॅममुळे तोही सैल झालाय. स्पॅमवर पाठवणाऱ्याचा पत्ता बहुतेक वेळा चोरलेला असतो. त्याला बाउन्स पाठवला तर तो भलत्याच निरपराध माणसाच्या डोक्यावर पडतो. म्हणून कित्येक सर्व्हर '२५०' म्हणून पत्र घेतात आणि संशय आला तर मुकाट्यानं बाजूला टाकतात. म्हणजे 'गेलं' हे आपल्याला नक्की कळतं, 'पोचलं' हे बहुतेक वेळा, आणि 'वाचलं' हे फक्त वाचणाऱ्यालाच.

कायद्याला हे आपल्यापेक्षा आधी कळलं होतं असं दिसतं. आपल्या १८९७ च्या जनरल क्लॉजेस ॲक्टच्या कलम २७ नुसार, योग्य पत्त्यावर, पूर्ण टपालखर्च भरून, रजिस्टर्ड पोस्टानं टाकलेलं पत्र नेहमीच्या वेळेत पोचलं असं धरतात. उलट सिद्ध करायची मुभा आहे. (ते रजिस्टर्ड पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालं.) २००० च्या माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम १३ असंच आहे. दोघांनी वेगळं ठरवलं नसेल तर, पाठवणाऱ्याच्या ताब्याबाहेरच्या संगणकात शिरलं की पत्र 'रवाना', आणि घेणाऱ्यानं नेमून दिलेल्या संगणकात शिरलं की 'मिळालं'. वाचलं का, हा प्रश्नच नाही. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी व्हॉट्सॲपवर पीडीएफ म्हणून पाठवलेली नोटीस बजावली गेली असं मानलं. नोटीस पोचली आणि उघडलीही गेली हे तिथल्या खुणांवरून दिसतंय, असं आदेशात म्हटलं होतं. तिथेसुद्धा प्रश्न नोटीस बजावली का एवढाच होता.

आता माझं प्रकरण. त्या मीटिंगनंतर पंधरा-वीस दिवसांनी त्याच्याच डेस्कपाशी काहीतरी दुसरं काम करत होतो. त्यानं मेल उघडला आणि खाली जायचं बटण दाबून धरलं. डाव्या यादीतले ठळक मेल एकापाठोपाठ एक फिके होत गेले, उजवीकडच्या चौकटीत प्रत्येक मेल अर्धा क्षण चमकून गेला. मी विचारलं, "हे असं का करतोस?" तो म्हणाला, "सुट्टीवरून आलो की दोनशे मेल असतात. आधी नुसते खालपर्यंत जातो, मग नावं बघून उघडतो." त्याच्या प्रोग्रॅममध्ये पावती आपोआप पाठवायची सेटिंग होती. त्या शुक्रवारी तो बहिणीच्या लग्नाची आठवडाभराची सुट्टी संपवून संध्याकाळी तासाभरासाठी ऑफिसात आला होता. माझा मेल त्याच्या पडद्यावर अर्धा क्षण दाखवला गेला होता. पावती खरी होती. तोही खरं बोलत होता.

मी त्याची माफी मागितली, पण ती त्याच्या डेस्कपाशी, हळू आवाजात. पंधरा जणांसमोर नाही. ते अजून टोचतं. हा लेख लिहिताना त्याला आधी वाचायला पाठवला. रीड रिसीट न लावता. दोन दिवसांनी त्याचा एका ओळीचा मेल आला, "वाचला रे. टाक."

तेव्हापासून मी महत्त्वाच्या मेलच्या शेवटी एक ओळ टाकतो: 'हे चालेल का, ते उत्तरात कळवा.' उत्तर आलं नाही तर उठून जातो किंवा फोन करतो. फोनवर निदान समोरचा 'हो' म्हणतो की नुसतं 'हं', एवढं तरी कळतं.